मागे घेतलेली मुलाखत

माणसाने थंड असावं, पण त्यालाही काही सुमार असतो. आजोबांनी तो मंगळवारी सकाळी ओलांडला, असं आजीचं ठाम मत झालं.

लेकीची लेक आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडलेली. तिच्या आयुष्याचं वाटोळं झालेलं. आणि हे गृहस्थ खिडकीशी वर्तमानपत्र धरून बसले होते. वर "जाऊ दे ना" म्हणाले. एकदा नाही, तीनदा.

"काय जाऊ दे?" आजी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "पोरीच्या तोंडचा घास कोणीतरी पळवला आणि जाऊ दे? उद्या घर उचलून नेलं तर तुम्ही खुर्चीसकट जाल आणि वाटेत त्यांनाच विचाराल, चहा झाला का म्हणून!"

"तसं नाही ग. पण पोरीने एवढ्या लांब जायलाच कशाला हवं? इथे काय वकील नाहीत?"

"इथे वकील आहेत, जहाजं नाहीत!"

यावर आजोबांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं. आजीने फोन उचलला आणि भाच्याला लावला.

भाचा धंद्याने खाजगी गुप्तहेर होता. लहानपणी दारावर आलेल्या पोस्टमनलाही तो "काल का नाही आलात?" असं विचारायचा. घरात त्याचं नाव चौकश्या पडलं आणि मोठेपणी त्याने त्याच सवयीवर पोट भरायला सुरुवात केली. आजीच्या मते त्याची सगळी अक्कल तिच्या माहेरची होती, त्यामुळे ती थोडीफार तिच्या मालकीची होती.

तासाभरात तो आला. नातीला उठवून टेबलाशी बसवलं.

"पहिल्यापासून सांग. मी वकील नाही, आणि आत्याला तर कोर्टाची पायरीसुद्धा माहीत नाही."

"माझ्या घरात मला कोर्टाची गरज पडत नाही," आजी म्हणाली.

नातीने डोळे पुसले. "मामा, आमच्या कॉलेजात दर वर्षी वकिलांच्या फर्म येतात. एकेका खोलीत एकेक फर्म बसते आणि वीस-वीस मिनिटांच्या मुलाखती घेते. त्यातूनच नोकऱ्या लागतात. पण मुलं तीनशे आणि वेळा थोड्या. म्हणून आधी आम्ही पसंतीक्रम भरतो. कोणती फर्म पहिली हवी, कोणती दुसरी. मग संगणक वाटणी करतो."

"म्हणजे दवाखान्यातला नंबर," आजीने निकाल दिला. "फक्त इथे डॉक्टर पेशंट निवडणार."

"तसंच. मी पहिली पसंती जहाजवाल्यांना दिली. बुडालेली जहाजं, अडकलेला माल, टक्कर झाली तर दोष कोणाचा, असले खटले लढणारी ती एकच फर्म येते, तीही लांबच्या बंदराच्या शहरातून. मी तीन वर्षं त्याचाच अभ्यास केलाय, मामा. दुसरं काही मला करायचंच नाही."

"मग मिळाली मुलाखत?"

"मिळाली की! एकूण नऊ मिळाल्या, त्यात ही होती. गुरुवारी सकाळी. आणि काल फलकावर बघते तर त्या वेळेला माझ्या जागी जिराफचं नाव. ऑफिसात गेले तर म्हणाले, तूच सोडलीस. रविवारी दुपारी, तुझ्याच खात्यातून. आणि नियम असा आहे, की स्वतः सोडली तर त्या फर्मच्या दारात यंदा पुन्हा उभं राहता येत नाही."

"जिराफ कोण?"

"माझी रूममेट. उंच आहे म्हणून. तिचं नाव त्यांच्याच प्रतीक्षायादीत होतं." नातीचा आवाज फाटला. "आणि माझा पासवर्ड फक्त तिला ठाऊक आहे."

"झालं!" आजीने टेबलावर थाप मारली. "आणखी काय शोधायचंय? दर सुट्टीत ती लांबडी इथे येऊन माझ्या हातचं जेवलीय. वाढताना माझे हात दुखले, पण हिचं पोट भरलं नाही!"

चौकश्याने आत्याकडे पाहिलं, पण प्रश्न नातीला विचारला. "रविवारी दुपारी तू कुठे होतीस?"

"इथेच. जेवायला आले होते."

"माझ्या डोळ्यांसमोर होती," आजी म्हणाली. "जेवण झाल्यावर आम्ही दोघी आतल्या खोलीत पडदे उतरवत होतो. ती स्टुलावर, मी स्टूल धरून. जागची हलली नाही."

"आणि लॅपटॉप?"

"इथे टेबलावर. तयारी करत होते, तसाच उघडा ठेवून उठले. कालपासून मात्र झाकण लावून ठेवलंय. बघवत नाही मला त्याच्याकडे."

चौकश्या खिडकीकडे वळला. "आतोबा, काय म्हणतोय पेपर?"

"चाललंय आपलं," आजोबा म्हणाले.

"त्यांना दिसतंय काय डोंबल!" आजी म्हणाली. "चष्मा शनिवारपासून दुरुस्तीला टाकलाय. मोठे मथळे वाचतात आणि खालचं सगळं मनाने रचतात. काल मला सांगत होते, पूल वाहून गेला. मी वाचलं, तर पुलाचं उद्घाटन होतं."

चौकश्या हसला. आजोबा हसले नाहीत.

आजी आणि चौकश्या कॉलेजात जायला निघाले, तर फाटकाशी एक काठीवाले म्हातारे गृहस्थ उभे होते. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या माडीवर त्यांची वकिली होती. आजोबांचे ते सकाळच्या फिरण्याचे सोबती.

"काय हो वहिनी, स्वारीचा गुडघा अजून दुखतोय? कालपासून हाका मारतोय, आतूनच उत्तर येतं."

"गुडघा?" आजी चकित झाली. "मला तर काही बोलले नाहीत. आळस दुखत असेल."

"आणि नातीला म्हणावं, आम्ही वाट बघतोय." काठी टेकत ते पुढे गेले.

"सगळ्या गल्लीला पोरीचं कौतुक," आजी बसमध्ये चढता चढता म्हणाली. "आणि हॉस्टेलातली ती लांबडी बघ! आज तिला..."

"आत्या, तू चौकशी करायला येतेयस की भांडायला?"

"दोन्ही एका फेरीत होईल. तिकीट कशाला दोनदा काढायचं?"

कॉलेजच्या लांब बोळात दोन्ही बाजूंना दारं होती. प्रत्येक दारावर नंबर आणि बाहेर एक खुर्ची. नव्या कोऱ्या कोटातली मुलं इकडून तिकडे फिरत होती. एक मुलगा खांबाशी हस्तांदोलन करण्याचा सराव करत होता. आजीने त्याला सांगितलं की खांबाने हात धरला तर नोकरी पक्की.

मुलाखतींचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या मॅडम शेवटच्या खोलीत होत्या. टेबलावर थंड झालेल्या कॉफीचे तीन कप होते आणि त्या चौथा शोधत होत्या.

"हे बघा, दर वर्षी हेच होतं," त्या म्हणाल्या. "आधी एक ठरवतात, ऐनवेळी मन बदलतं, मग माझ्या दारात येऊन रडतात. तिच्या खात्यातून झालंय. तिने निवड केली, आता पस्तावतेय. आणि खरं सांगू? तिच्या हातात नऊ मुलाखती आहेत. काही मुलांना दोनसुद्धा नाहीत. रडायचं तर त्यांनी."

"तिची जागा रूममेटला गेली. हे रूममेटला आधी कळलं असेल?" चौकश्याने विचारलं.

"छे! प्रतीक्षायादीतला नंबर आम्ही मुलांना सांगतच नाही. सांगितला तर एकमेकांचे गळे धरतील. या यादीत चौदा जण होते. त्यातला पहिला कोण, हे फक्त मला ठाऊक."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," आजी म्हणाली आणि भुवई वर केली.

मॅडमनी तिच्याकडे असं पाहिलं, की आजीला त्यांच्याबद्दल थोडा आदर वाटला.

"वाटणी झाली की काम संपलं?" चौकश्याने घाईने विषय बदलला.

"कुठलं संपतंय! छोट्या फर्मच्या वेळा रिकाम्या राहतात. मग त्या आपणहून मुलांना निमंत्रण धाडतात. आठवडाभर मुलं हे घे, ते सोड करत बसतात. एका वेळी दोन खोल्यांत बसता येत नाही, संगणक बसूच देत नाही. तरी मला येऊन विचारतात, मॅडम, दहा मिनिटं इथे आणि दहा तिथे चालेल का?"

चौकश्याने मॅडमचे इतके मनापासून आभार मानले, की आजीला त्याच्या तब्येतीची काळजी वाटली.

जिराफ जिन्याच्या पायरीवर बसली होती. बसलेलीसुद्धा ती आजीच्या खांद्याला लागत होती. आजीला बघून तिचा चेहरा आधी उजळला, मग पडला.

"ये, ये," आजी म्हणाली. "नवी जागा मिळाली म्हणे. अभिनंदन करायला आले."

"आजी, तुम्हीसुद्धा?" जिराफ उठून उभी राहिली. "जागा मिळाली तेव्हा पहिला फोन मी तिलाच केला. मला वाटलं तिची सकाळची आहे, माझीही त्यांच्याकडेच, मजा येईल. तिची गेलीय हे मला ठाऊकच नव्हतं. तर ती म्हणाली, मीठ चोळतेस का. आणि बॅग भरून निघून गेली."

"रविवारी दुपारी कुठे होतीस?" चौकश्याने विचारलं.

"वरच्या हॉलमध्ये. सरावाच्या मुलाखती होत्या. फोन बाहेर टोपलीत टाकून आत बसवतात. अख्खी दुपार गेली."

"मग ही जागा परत का करत नाहीस?" आजीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"केली तर सगळे म्हणतील, बघा, चोरलेलं परत केलं." जिराफचे डोळे भरले, पण मान ताठ होती. "मी काही चोरलं नाही. मग परत काय करू?"

आजीने चौकश्याकडे पाहिलं. तो जिराफला म्हणत होता, "आमच्याबरोबर चल. चोर दाखवतो. घरीच आहे."

परतीच्या बसमध्ये आजीने तीन माणसांवर संशय घेतला. एकदा मॅडमवर, एकदा खांबाशी हात मिळवणाऱ्या मुलावर, आणि शेवटी काठीवाल्या वकिलावर, कारण तो उगाच गोड बोलतो. तिसऱ्या नावाला चौकश्या म्हणाला, "आत्या, जवळ आलीस." आजी उरलेला रस्ता छाती पुढे काढून बसली.

घरी दिवेलागणीला सगळे टेबलाभोवती बसले. नात एका टोकाला, जिराफ दुसऱ्या टोकाला, दोघी दोन भिंतींकडे बघत. आजोबा खिडकीशीच होते.

"आपण सगळे कालपासून एकच प्रश्न विचारतोय," चौकश्या म्हणाला. "ही मुलाखत घालवून फायदा कोणाचा झाला? आणि उत्तर येतं, जिराफचा. पण यादीत चौदा जण होते आणि पहिला कोण हे मॅडमशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. मैत्रिणीची जागा घालवायची आणि ती तेरा जणांपैकी भलत्यालाच मिळायची, असा उद्योग कोण करेल? शिवाय तिचा फोन टोपलीत होता. तेव्हा जिराफ नाही."

"मग मॅडम?" आजी म्हणाली.

"मॅडमना ते करून काय मिळणार? आणखी एक रडणारी मुलगी आणि आणखी एक थंड कॉफी. नाही. आपला प्रश्नच चुकला होता. सगळे काय गेलं ते बघत बसले." त्याने नातीकडे पाहिलं. "तुला मुलाखती किती मिळाल्या होत्या?"

"नऊ. सांगितलं ना."

"त्यातली एक गेली. उरल्या किती?"

"आठ," आजी म्हणाली. तिला हे आलं याचा तिला आनंद झाला.

"मॅडम आज म्हणाल्या, तिच्या हातात नऊ आहेत. आणि त्यांना हे पाठ असतं, रोज तेच मोजतात. मग नववी आली कुठून?"

नातीने लॅपटॉप ओढला आणि कालपासून पहिल्यांदा झाकण उघडलं. तिने गुरुवारची सकाळ बघितली. जहाजवाल्यांच्या वेळेलाच दुसरं नाव होतं.

"हे तर... आपले माडीवरचे वकील!" ती म्हणाली. "पण हे निमंत्रण मी घेतलंच नाही!"

"तू नाही घेतलंस. कोणीतरी तुझ्यासाठी घेतलं. आणि एका वेळी दोन ठिकाणी संगणक बसू देत नाही. माडीवरची घेतली, तशी त्याच वेळची जहाजवाल्यांची आपोआप सुटली. तुझ्या खात्यातून, म्हणून तूच सोडलीस अशी नोंद झाली. सोडण्याआधी तो विचारतो की नाही?"

"विचारतो. एक चौकोन येतो. पण अक्षरं बारीक असतात."

"बारीक असतात," चौकश्या म्हणाला. "म्हणजे आपल्याला असा माणूस हवा, ज्याला वरचं मोठं नाव वाचता आलं आणि खालचं बारीक वाचता आलं नाही. रविवारी दुपारी तुम्ही दोघी आत पडदे उतरवत असताना जो या उघड्या लॅपटॉपपाशी होता. ज्याला वाटतं, इथे काय वकील नाहीत? आणि काल ही रडत घरी आल्यापासून ज्याचा गुडघा फक्त एका माणसापुरता दुखतोय. कारण त्या माणसाने भर रस्त्यात म्हटलं असतं, तुमच्या नातीने आमचं बोलावणं घेतलं बरं का!"

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या.

आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली. आणखी घालता येईना, तेव्हा ते बोलले.

"शनिवारी तो म्हणाला, पोरीला बोलावणं धाडलंय. रविवारी इथे बसलो होतो, तर समोर त्याचंच नाव आलं, एवढं मोठं. मला वाटलं, पोरगी कामाच्या धांदलीत आहे, विसरेल. हिरवं बटण होतं, दाबलं. मग एक चौकोन आला. त्यातही हिरवं होतं."

"आणि तेही दाबलं," नात म्हणाली.

"मला वाटलं, नवाच्या दहा होतील ग."

"आणि खरं कळल्यावर?" आजीचा आवाज खाली आला होता. तो खाली आला की घरातली मांजरसुद्धा बाहेर जात असे.

"काल कळलं, ही रडत आली तेव्हा. सांगणारच होतो. पण तू इतक्या मोठ्याने चोर, चोर करत होतीस, की मध्ये शिरायला जागाच सापडेना. आणि मग जितका उशीर झाला, तितकी जीभ जड झाली."

जिराफच्या तोंडून काहीतरी निसटलं. सगळ्यांना वाटलं हुंदका आहे. पण ती हसत होती. नातीने तिच्याकडे पाहिलं, चेहरा वाकडा केला, आणि मग दोघी एकदमच हसत आणि रडत सुटल्या. जिराफ टेबल ओलांडून आली, तेव्हा दोन पेले पडले आणि कोणी उचलले नाहीत.

"मी चोर म्हटलं तुला," नात म्हणत होती. "मी काय काय बोलले!"

"मीठ म्हणालीस. त्यानंतरचं मी ऐकलंच नाही, फोन आपटला."

चौकश्याने मॅडमना फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवून आजोबांच्या पुढ्यात सरकवला. आजोबांनी सगळं स्वतः सांगितलं. चष्मा, चौकोन, हिरवं बटण.

"आजोबा," मॅडम म्हणाल्या, "मुलांच्या चुकांसाठी माझ्याकडे नियम आहेत. आजोबांच्या चुकांसाठी एकही नाही. थांबा जरा, फर्मला विचारते."

फोन बंद झाला. नातीने जिराफचा हात इतका घट्ट धरला होता, की जिराफ बोटं मोजत होती. आजी उगाच उठली, उगाच खिडकी लावली, उगाच उघडली. एवढी मोठी बाई, पण तिला बसवेना.

फोन वाजला तेव्हा कोणालाच तो उचलायचा नव्हता. शेवटी चौकश्याने उचलला.

"ती नोंद मी रद्द केलीय," मॅडमचा आवाज आला. "रूममेटची वेळ तिचीच राहील, तिची काही चूक नाही. पण जहाजवाले म्हणतायत, गुरुवारी शेवटची मुलाखत संपली की तुमच्या नातीला भेटतो. हकीकत ऐकून ते इतके हसले, की तिला बघितल्याशिवाय आता जायचे नाहीत. आणि तिला सांगा, चेष्टा ऐकायची तयारी ठेव."

नात खुर्चीत मागे रेलली आणि कालपासून कोंडलेला श्वास तिने असा सोडला, की टेबलावरचा कागद हलला.

"म्हणजे सकाळी माडीवरचे आणि संध्याकाळी जहाजवाले," जिराफ बोटं सोडवून घेत म्हणाली. "आजोबा, खरंच दहा झाल्या की हो!"

आजोबांनी हसायचा प्रयत्न केला, पण आजीकडे बघून तो आवरला.

आजीने आधी जिराफला हाक मारली. "इकडे ये. खाली वाक, माझा हात पोचत नाही." जिराफ वाकली. आजीने तिच्या गालावरून हात फिरवला, जरा जोरातच. "सकाळी जिन्यात जे बोलले, ते मी मागे घेतलं. हे मी कोणाला म्हणत नाही. तुला म्हटलं, गावभर सांगू नकोस."

"नाही सांगणार," जिराफ म्हणाली. तिने नातीला डोळा मारला, तो आजीने बघूनही बघितला नाही.

मग आजी पदर खोचून खिडकीपाशी गेली. आजोबा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच थांबले.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हाला चोर म्हणणार होते, पण तो चोरांचा अपमान होईल. चोराला निदान आपण काय उचललं ते ठाऊक असतं. पोरगी जवळ हवी असं वाटतं ना? मग ते तिला तोंडाने सांगायचं, बटणाने नाही. मलाही हवी आहे ती जवळ, पण मी गप्प बसले, कारण तिला जहाजं हवी आहेत. तेव्हा आता ऐका. ती तिकडे लागली, तर वर्षातून दोनदा आपण तिच्याकडे जायचं, महिना-महिना राहायचं, आणि प्रवासात मळमळतं हे कारण मी ऐकून घेणार नाही."